काळ्या टोपीतला चू सांगवू आणि खोडलेली नावं

चौघांच्या प्रोजेक्टचं काम मी एकटीनं केलं होतं. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, २००३. लायब्ररीतल्या पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, व्हिज्युअल बेसिकमध्ये. बाकीचे तिघे उगवले ते सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी, तेही थेट बाइंडिंगवाल्याच्या दुकानात, आपापलं नाव नीट छापलंय ना ते बघायला. काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरांत चारही नावं आली. आडनावांच्या क्रमानं, म्हणून माझं सगळ्यांत खाली. ओरलला बाहेरून आलेल्या सरांनी त्यातल्या एकाला विचारलं, डेटाबेस कुठला वापरलात? तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. उत्तर मी दिलं. मार्क चौघांना सारखेच पडले. आदल्या दिवशी छपाईला द्यायचा कागद माझ्याच हातात होता, पेनही होतं, ती तीन नावं खोडावीत असं फार वाटलं होतं. हिंमत झाली नाही. ते आजही ठसठसतं.

‘सिमँटिक एरर’ या कोरियन मालिकेतला चू सांगवू पहिल्याच भागात नेमकं तेच करतो. कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी. कोरियातल्या विद्यापीठांत आपल्या शाखेबाहेरचे काही विषय घ्यावे लागतात, तसल्याच एका विषयाचा ग्रुप प्रोजेक्ट असतो. बाकीचे मेसेजला उत्तर देत नाहीत, सबबी सांगतात. सांगवू सगळं एकटा करतो आणि सादर करताना बाकीच्यांची नावं काढून टाकतो. चिडून नव्हे. ज्यांनी काम केलं नाही त्यांची नावं असण्याचं कारण नाही, एवढंच. असं फुकटात मार्क मिळवण्याला कोरियन पोरं ‘मुइमसंगछा’ म्हणतात, म्हणजे विनातिकीट प्रवास. मला तो शब्द इतका पटला की मी वहीत लिहून ठेवला.

त्या खोडलेल्या नावांत एक नाव जांग जेयंगचं. व्हिज्युअल डिझाइनचा सीनियर, उंचापुरा, सगळ्यांचा लाडका. त्या एका विषयात नापास झाल्यामुळे त्याची पदवी अडकते आणि परदेशी शिकायला जायचं ठरलेलं फिसकटतं. चूक त्याचीच, पण राग सांगवूवर. आणि गंमत अशी की सांगवूला आपल्या मोबाइल गेमसाठी चांगला डिझायनर हवा असतो, आणि त्याला ज्याचं काम आवडतं तो हाच जेयंग.

मी पॉलिटेक्निकमध्ये ‘सी’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते, सोळा वर्षं झाली. त्यामुळे मालिकेच्या नावानंच मला ओढून घेतलं. हा शब्द मी दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहिते. सिंटॅक्स एरर म्हणजे व्याकरणाची चूक. अर्धविराम राहिला, कंस बंद केला नाही. ती कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर, लगेच पकडतो. सिमँटिक एरर म्हणजे अर्थाची चूक. ‘आई चहा वाचते’ हे वाक्य व्याकरणात बसतं, पण आई चहा वाचत नसते. वर्गात मी सरासरीचं उदाहरण देते. तीन विषयांचे मार्क, प्रत्येकी ६०. पोरं तिन्हींची बेरीज कंसात न घालताच शेवटी तीननं भागतात. मग फक्त तिसरा आकडा भागला जातो आणि शंभरपैकी सरासरी येते १४०. कंपायलर चकार शब्द काढत नाही. प्रोग्रॅम छान चालतो. फक्त उत्तर खोटं असतं, आणि ते खोटं आहे हे ओळखायला माणूसच लागतो. सांगवूचं सगळं आयुष्य असंच चालणारा प्रोग्रॅम आहे. वेळेवर उठणं, ठरलेला बाक, ठरलेली कॅन कॉफी, काळी टोपी, पाठीवर सॅक. कुठेही लाल खूण नाही. मग एक माणूस आयुष्यात शिरतो आणि आतापर्यंत बरोबर वाटलेली उत्तरं शंभराच्या वर जायला लागतात. हे रूपक लेखकाला नुसतं सुचलेलं नाही, त्यानं ते शेवटपर्यंत कसून वापरलंय. भागांची नावंसुद्धा प्रोग्रॅमिंगच्या परिभाषेतली आहेत, आणि शिकवणारी बाई म्हणून सांगते, ती उगाच चिकटवलेली वाटत नाहीत.

ही मालिका ‘बीएल’ प्रकारातली. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बीएल म्हणजे ‘बॉईज लव्ह’, दोन मुलांची प्रेमकथा. मूळ जपानी मुलींसाठीच्या कॉमिक्समधलं, १९७० च्या दशकातलं. लिहिणाऱ्या बहुतेक बायका, वाचणाऱ्याही बहुतेक बायका. कोरियात वेब कादंबऱ्यांच्या रूपानं हे फोफावलं. ही मालिकाही जो सुरी या टोपणनावानं लिहिलेल्या वेब कादंबरीवर बेतलेली आहे. तिच्यावर वेबटूनही, म्हणजे इंटरनेटवरचं कॉमिकही, निघालंय. दिग्दर्शन किम सू-जंग यांचं. वॉचा या कोरियन ओटीटीवर १६ फेब्रुवारी ते १० मार्च २०२२ दर बुधवारी आणि गुरुवारी एकेक असे आठ भाग आले. एकेक भाग वीस-पंचवीस मिनिटांचा. सगळं मिळून तीन तासांच्या आसपास, म्हणजे एका मोठ्या हिंदी सिनेमाएवढं. कोरियात ती एवढी चालली की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेच भाग जोडून सिनेमा म्हणून थिएटरात लावले.

आता मला ती का आवडली ते सांगते, कारण त्यावर बोलायला माझ्याकडे पुष्कळ आहे.

लाल रंगापासून सुरुवात करते. सांगवूला लाल रंग खपत नाही. हे कळल्यावर जेयंग नखशिखांत लाल होऊन वर्गात येतो आणि सांगवूच्या ठरलेल्या जागेवर बसतो. हा प्रसंग मी चार वेळा पाहिला. सांगवू झालेला पार्क जेचान इथे काही म्हणजे काहीच करत नाही. दारातून येतो, पावलं थबकतात, डोळे त्या बाकावर खिळतात. सॅकच्या पट्ट्यावरची बोटं घट्ट होतात. टोपीच्या सावलीत चेहरा अर्धा झाकलेला, तरी त्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला कळतं. बाक हलवता येत नाही, माणूस हलवता येत नाही, तास सुरू व्हायला किती मिनिटं आहेत, दुसरी जागा घेतली तर फळा कसा दिसेल. गणित चाललेलं दिसतं त्या पोराच्या डोळ्यांत. ज्यानं कधी वर्गात आपली जागा धरून ठेवली असेल त्याला हा प्रसंग पोटात लागेल. आणि समोर लाल कपड्यांत पाय पसरून बसलेला पार्क सोहाम. मांजर उन्हात बसतं तसा.

दोघंही मुळात पॉप गायक. जेचान ‘डीकेझी’ या गटाचा, सोहाम पूर्वी ‘केएनके’ नावाच्या गटात होता. मोठी नावं नव्हती. मला वाटतं तेच मालिकेच्या पथ्यावर पडलं. सजवलेला, सराईत अभिनय इथे चालला नसता. जेचाननं सांगवूला कुठेही गोंडस केलेलं नाही. मान ताठ, वाक्यं सरळ, आवाजात चढउतार नाही. त्यामुळे पुढे कधीतरी जेव्हा त्याचे कान लाल होतात, वाक्य मध्येच अडखळतं, तेव्हा तेवढंच पुरतं. प्रेमात पडल्याचं दाखवायला पाऊस, छत्री, वारा काही लागत नाही.

जेयंग एकदा यायचा थांबतो तो भाग माझा सगळ्यांत आवडता. रोज छळणारा माणूस दिसेनासा झाला तर बरंच वाटायला हवं ना? सांगवूला बाक परत मिळालाय, मशीनमधली कॉफी परत मिळालीय. सगळं जिथल्या तिथं. आणि त्याचं लक्ष लागत नाही. तो दरवाजाकडे बघतो. त्याला कळत नाही की आपण दरवाजाकडे का बघतोय. कंसाशिवायची सरासरी ती हीच. मी तिथे थांबवून पाच मिनिटं नुसती बसून राहिले होते.

आणखी एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून महत्त्वाची वाटते. सांगवूसारखी दोन-तीन मुलं दरवर्षी माझ्या वर्गात असतात. डोळ्याला डोळा देत नाहीत, विचारलं तेवढंच बोलतात, प्रॅक्टिकलची जागा बदलली की दिवस बिघडतो. वर्गातली पोरं त्यांना ‘रोबो’ म्हणतात, स्टाफरूममध्येही काही बरं बोललं जात नाही. अशा माणसाची गोष्ट सांगताना बहुतेक मालिका त्याला ‘सुधरवतात’. प्रेमात पडला की तो हसरा होतो, मित्र जमवतो, टोपी काढून टाकतो. इथे तसं होत नाही. सांगवू प्रेमातही तसाच काटेकोर राहतो. आपल्या भावनांकडेही तो आधी अडचण म्हणून बघतो, तिची कारणं शोधतो, त्यावर उपाय मांडतो. जेयंगला हसू येतं, पण तो त्याला बदलायला जात नाही. उलट त्याच्या पद्धतीनं बोलायला शिकतो. एवढं समजूतदार लिहिलेलं मी टीव्हीवर फार कमी बघितलंय.

आता भाषा. हा मुद्दा मराठी माणसालाच नीट कळेल असं मला मनापासून वाटतं. आपण इंग्रजी सबटायटलांवर बघतो आणि तिथे सगळे एकमेकांना फक्त नावानं हाक मारताना दिसतात. कान देऊन ऐकलं तर वेगळंच चाललेलं असतं. सांगवू सुरुवातीला जेयंगला नावापुढे ‘शी’ लावून बोलवतो, म्हणजे ‘श्रीयुत जांग जेयंग’ म्हटल्यासारखं. भांडतानाही क्रियापदं आदरार्थी. जेयंग मात्र पहिल्यापासून अरे-तुरे. कॉलेजातल्या सीनियरला ‘सनबे’ म्हणायची पद्धत आहे, आणि जवळच्या मोठ्या मुलाला मुलं ‘ह्यंग’ म्हणतात, आपल्या ‘दादा’सारखं. पण आपल्या दादात बहीण-भाऊपण फार आहे. ह्यंगमध्ये सलगी आहे, लाड आहेत. जेयंगला सांगवूच्या तोंडून ‘ह्यंग’ ऐकायचं असतं. तो मागे लागतो. सांगवू दाद देत नाही. त्या एका हाकेवर अख्ख्या मालिकेचा ताण तोललेला आहे, आणि सबटायटलात तिथे काय येतं? नुसतं नाव. ज्यांच्याकडे ‘अहो’ आणि ‘अरे’ आहे, ज्यांच्या आज्यांनी आयुष्यभर नवऱ्याचं नाव घेतलं नाही आणि घेतलं ते उखाण्यात, त्या भाषेत हे किती अलगद येईल.

मी ते करून बघितलंय. आमच्या आईला इंग्रजी वाचता येत नाही. एका रात्री ती मटार सोलत शेजारी बसली होती आणि टीव्हीवर तिसरा भाग चालू होता. मी तिला सांगत गेले. “हा म्हणतोय, तुम्ही माझ्या जागेवर बसलाय, उठा.” “आणि तो काय म्हणतोय?” “तो म्हणतोय, नाही उठत, काय करशील?” आईनं थोडा वेळ बघितलं. “तुम्ही म्हणणारा जास्त चिडलाय,” ती म्हणाली. अगदी बरोबर. पुढच्या भागाला तिनं स्वतःहून विचारलं, “तो टोपीवाला अजून ‘अहो’च म्हणतोय का?” कुणीतरी ह्याचं मराठी डबिंग खरंच करावं. हिंदीपेक्षा सरस होईल, कारण आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यामधलं अंतर अजून बोलीत जिवंत आहे.

आता न आवडलेलं. तेही तितकंच मनापासून.

पहिल्या दोन-तीन भागांतला जेयंगचा सूड मला सहज पचला नाही. पाळत ठेवणं, वेळापत्रक काढून घेणं, जाईल तिथे मागे जाऊन बसणं, मशीनमधली त्याची कॉफी संपवून टाकणं. मालिका हे खोडकरपणा म्हणून दाखवते, मागे उड्या मारणारं संगीत लावते. मी कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीवर आहे. आपल्याकडे २००९ च्या नियमांनंतर प्रत्येक कॉलेजात ही समिती आहे, आणि सीनियरनं ज्युनियरला असं गाठल्याची तक्रार माझ्या टेबलावर आली तर मी लाल जॅकेट किती छान दिसतंय हे बघणार नाही. एका मुलाची फाईल मी अशीच हाताळली आहे. त्यानं जेवणाची वेळ बदलली, मग मेस बदलली, मग रूम बदलली, आणि शेवटी वर्ष सोडून गावी गेला. त्याला कुणी मारलं नव्हतं. फक्त रोज कुणीतरी समोर येऊन बसत होतं. त्यामुळे दुसरा भाग बघताना माझ्या तोंडाची चव गेली होती. मालिकेनं पुढे जेयंगच्या तोंडून एक धड माफी काढायला हवी होती. जेयंग मऊ होतो, काळजी घेतो, हे सगळं खरं. पण ‘मी तुला त्रास दिला, ते चूक होतं’ हे वाक्य वजनानं येत नाही. ते प्रेमात विरघळवून टाकलंय. ज्या मालिकेचा नायक प्रत्येक चुकीचा हिशेब ठेवतो तिच्याकडून ही अपेक्षा चुकीची नाही.

बायका दोन. जेयंगची मैत्रीण युना आणि सांगवूवर जीव असलेली ज्युनियर जिहे. युना पडद्यावर आली की खोली उजळते, पण तिचं काम दोघांना ढकलणं एवढंच. जिहेवर तर मला अन्याय झाल्यासारखा वाटला. ती बिचारी सरळ, नीट वागते, आणि कथेला मत्सराचा एक प्रसंग हवा असतो तेवढ्यापुरती वापरली जाते. बायकांनी बायकांसाठी वाढवलेल्या या प्रकारात बायकाच अशा कोपऱ्यात का उभ्या असतात, हे मला दर वेळी खटकतं.

शेवटचे दोन भाग घाईत आहेत. शेवट सांगत नाही, पण कादंबरीत ज्याला निवांत जागा असते ते इथे वीस मिनिटांत कोंबलंय. एक दुरावा येतो आणि आपण नीट अस्वस्थ व्हायच्या आत मिटतो. सहाव्या भागापर्यंत जी मालिका नजरेवर आणि बाकावर विसंबून होती ती इथे एकदम बोलायला लागते, समजावायला लागते. अजून दोन भाग असते तर बरं झालं असतं. पैसा कमी होता हेही दिसतं. कॉलेज म्हणजे दोन वर्ग, एक स्टुडिओ, एक जिना आणि बाहेरचा रस्ता. कॉरिडॉर रिकामे. संगीताचे तेच दोन तुकडे फिरून फिरून. पण ह्याबद्दल माझी तक्रार नाही; रंगांचं काम इतकं विचारपूर्वक केलंय की रिकाम्या भिंतीही कामाला येतात. सांगवूच्या काळ्या-निळ्या जगात लाल हळूहळू कसा शिरतो ते दुसऱ्यांदा बघताना नक्की बघा.

सगळ्यांत मोठी उणीव मला स्वतःला दिसलीच नव्हती. ती माझ्या आत्तेभावानं दाखवली.

तो पुण्यात असतो. चार वर्षं त्याच्या जोडीदाराबरोबर राहतो. घरमालकाच्या करारनाम्यावर दोघं ‘मित्र’ आहेत. आमच्या घरात हे मला आणि माझ्या बहिणीला माहीत आहे, बाकी सगळ्यांना माहीत आहे पण कुणी उच्चारत नाही, अशी अवस्था. मी त्याला मोठ्या हौसेनं मालिका सुचवली. तीन भाग बघून त्याचा फोन आला. “तायडे, ह्या पोरांना आया नाहीत का गं?”

मी गप्प झाले. खरंच नाहीत. आठ भागांत घरचा फोन येत नाही. कुणी विचारत नाही, लग्नाचं काय. मित्र काय म्हणतील, वर्गात कळलं तर काय, नोकरी लागेल का, यातलं काही नाही. कॉलेजच्या गेटबाहेर जगच नाही. सांगवूला प्रश्न पडतात ते ‘मला असं का होतंय’ एवढेच. ‘मला असं झालं तर माझं काय होईल’ हा प्रश्न त्याला पडत नाही. माझ्या आत्तेभावाला तो चौदाव्या वर्षी पडला होता.

आणि कोरियात बाहेरचं जग काही सोपं नाही. तिथे दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाला कायद्यात जागा नाही. प्रत्येक धडधाकट मुलाला लष्करात जावं लागतं, आणि लष्करी फौजदारी कायद्याच्या ९२-६ या कलमानं पुरुषापुरुषांतला संबंध गुन्हा ठरवलेला आहे, राजीखुशीचा असला तरी. मालिकेचा शेवटचा भाग आला त्याच दिवशी, १० मार्च २०२२ ला, जेयंग झालेला पार्क सोहाम सक्तीच्या सैनिकी सेवेत दाखल झाला. पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की तळाबाहेर, कामाच्या वेळेबाहेर, दोघांच्या मर्जीनं घडलेल्या गोष्टीला हे कलम लावता येणार नाही. कलम मात्र राहिलं. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं सरकारी आरोग्य विम्यात समलिंगी जोडीदाराला अवलंबित म्हणून धरायला मान्यता दिली. म्हणजे ही मालिका जिथे घडते त्या देशात माणसं एकेका विम्याच्या कार्डासाठी कोर्टात उभी होती, आणि पडद्यावर मात्र सगळ्यांत मोठं संकट म्हणजे गेमचं डिझाइन वेळेत होईल का. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सुटका झाली, १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क नाकारला गेला. आत्तेभावाला या दोन्ही तारखा वाढदिवसासारख्या पाठ आहेत.

मालिकेनं निदान एक फोन दाखवायला हवा होता. सांगवूच्या आईचा, रविवारी सकाळचा. ‘जेवलास का’ एवढाच. तो मुलगा फोनवर काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे जेचाननं काय सुंदर केलं असतं. तीस सेकंदांत अख्खी गोष्ट जमिनीवर आली असती, आणि हलकेपणाला धक्काही लागला नसता.

मी आत्तेभावाला म्हटलं, मग राहू दे, नको बघूस. आठवडाभरानं त्याचा मेसेज आला की आठही भाग झाले आणि आता दोघं मिळून पुन्हा पहिल्यापासून बघतायत. मी विचारलं, पण तुला तर पटली नव्हती ना? त्याचा व्हॉइस मेसेज आला, मागे कुकरची शिट्टी. “पटली नाहीच. खोटीच आहे. पण तीन तासांत कुणी एकदाही मागे वळून बघितलं नाही गं, कुणी बघतंय का म्हणून. दोघांपैकी एकानंही नाही. मी ते मोजत होतो.”

तेव्हापासून मीही तेच मोजते आहे. पाचव्या भागात मला एक जागा वाटली होती, जिथे सांगवू खांद्यावरून मागे बघतो. थांबवून पुन्हा लावली. तो जेयंग येतोय का ते बघत होता.